सायकलीवरून वासगाऊ: फाल्त्सचं पाइनवन आणि खडकात कोरलेले किल्ले

पाऊलवाट

मागे एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, की जर्मनीत माउंटन बाइक चालवायची तर आल्प्सशिवाय कुठे जावं. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा. माझं उत्तर एकच: फेल्त्सरवाल्ड, म्हणजे नैऋत्य जर्मनीतल्या फाल्त्स या प्रदेशाचं जंगल. त्यातही त्याचा दक्षिणेकडचा, फ्रान्सच्या हद्दीला टेकलेला भाग, म्हणजे वासगाऊ. मी कार्ल्सरूहला राहते. ऱ्हाइन ओलांडली की तास-दीड तासात तिथे पोचता येतं.

आधी जंगलाबद्दल. हे जंगल साधारण १,८०० चौरस किलोमीटरचं आहे. सीमेपलीकडच्या फ्रान्समधल्या उत्तर व्होजसकट १९९८पासून ते युनेस्कोचं दोन देशांचं मिळून एक जीवावरण राखीव क्षेत्र आहे. उंची म्हणाल तर फार नाही. सर्वांत उंच काल्मिट, ६७३ मीटर. आपला सिंहगड समुद्रसपाटीपासून मोजला तर त्याच्या जवळपास दुप्पट भरेल. पण या आकड्यावर जाऊ नका. इथे एक टेकाड उतरलं की लगेच दुसरं सुरू होतं, सपाटी अशी नाहीच. संध्याकाळी हिशेब केला तर हजार मीटर चढाई सहज झालेली असते.

इथल्या पाइनचीही एक गोष्ट आहे. माणसाने हात लावला नसता तर इथे मुख्यतः बीच आणि ओकचंच रान असतं. कोळसा, काच, लोखंड यांच्या भट्ट्यांसाठी शेकडो वर्षं झाडं तुटली. शिवाय गावकरी जंगलातला पालापाचोळा खरवडून गोठ्यात अंथरायला न्यायचे, त्यामुळे आधीच वाळूची असलेली जमीन आणखी निकस झाली. अशा जमिनीत तग धरणारं झाड म्हणून पाइन लावला गेला आणि तो इथलाच झाला. वरच्या अर्ध्या खोडाची साल नारिंगी, खाली गडद करडी. उन्हाळ्यात दुपारी राळेचा वास असा दाटतो की चढावर तोंडाने श्वास घेताना तो जिभेवर जाणवतो. वाटेवर सुयांचा जाड थर असतो, त्यामुळे चाकांचा आवाजच येत नाही. समोरून चालत येणाऱ्या माणसालाही तुमची चाहूल लागत नाही, म्हणून घंटी हवीच, आणि ती लांबूनच वाजवायची.

आता किल्ले. वासगाऊत लाल वालुकाश्माच्या उभ्या भिंती जंगलातून अचानक वर येतात आणि मध्ययुगात त्यांच्यावरच किल्ले बांधले गेले. बांधले म्हणण्यापेक्षा कोरले म्हणावं. खोल्या, जिने, पाण्याची टाकी, तुळया बसवायच्या खोबण्या, सगळं खडकात. सह्याद्रीत फिरलेल्या कुणालाही इथे ओळखीचं वाटेल.

मला सर्वांत आवडणारा दिवसभराचा रस्ता हा: डानला रेल्वेगाडीने उतरायचं. गावावरच्या एकाच कड्यावर आल्टडान, ग्राफेनडान आणि टानश्टाइन असे तीन किल्ले सलग आहेत, ते आधी बघायचे. मग एर्फवायलरकडून बुझेनबेर्गला. बुझेनबेर्गवर ड्राखेनफेल्स. तिथून एर्लेनबाखला बेर्वार्टश्टाइन, पुढे फोर्डरवायडेनटाल आणि लिंडेलब्रुन, आणि शेवटी लांबचा पट्टा मारून आनवायलर, जिथे ट्रिफेल्स किल्ला आहे आणि परतीची गाडीही. ट्रिफेल्स त्याच दिवशी वर जाऊन बघायचा असेल तर सकाळी लवकर निघा. शक्य असेल तर एर्लेनबाखच्या आसपास मुक्काम करा आणि दोन दिवसांत वाटून घ्या, मी तर हेच सुचवेन.

ड्राखेनफेल्सबद्दल थोडं जास्त लिहिते. हा किल्ला १५२३ साली पाडला गेला. किल्ल्याच्या मालकीतल्या भागीदारांपैकी एकजण फ्रान्झ फोन झिकिंगेन या सरदाराच्या बंडात सामील होता, तेवढं कारण पुरलं. आज वर बांधकाम जवळजवळ नाही, पण खडकच सगळं सांगतो. पूर्वेकडच्या सुळक्याला लोक ‘दाढ’ म्हणतात, लांबून तो दिसतोही तसाच. जवळ गेलात की भिंतीवर एका रांगेत चौकोनी खोबण्या दिसतात, हात मनगटापर्यंत आत जाईल एवढ्या. तिथे तुळया होत्या, म्हणजे त्या उंचीवर लाकडी मजला होता, म्हणजे जिथे आपण उभे आहोत ती तळमजल्याची खोली. वर जाणाऱ्या कोरीव पायऱ्या मधोमध झिजून पन्हळीसारख्या झाल्यात आणि त्यांत लाल वाळू साचलेली असते. बोट फिरवलं की आणखी सुटते.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: सायकल पायथ्याशी कुलूप लावून ठेवा. हा दगड मऊ आहे. किल्ल्याच्या आत, पायऱ्यांवर, तटावर सायकल नेऊन व्हिडिओ काढणारे दिसतात. एका टायरने काही होत नाही असं वाटतं, पण पाऊस पडला की त्याच ओरखड्यातून पाणी उतरतं. दोन किल्ले कमी बघा, पण बघाल ते चालत बघा.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देते.

---

रानमेवा

सुंदर. वाचनखूण साठवली.

---

बेसॉल्ट

पाऊलवाटताई, धागा आवडला. खडकाबद्दल आणखी लिहाल का? खोबण्या आणि टाकी आपल्याकडेही आहेत, पण आपला दगड काळा आणि कठीण. मऊ दगडात खोदायचं तंत्र निराळं असणार.

---

पाऊलवाट

@बेसॉल्ट, तुमच्या नावावरूनच हा प्रश्न येणार असं वाटलं होतं. 🙂

इथला दगड बुंटझांडश्टाइन, साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीचा. नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचे थर. आपला दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे हा खूप आधीचा. थर एकसारखे नाहीत. घट्ट चिकटलेला थर, त्याखाली भुसभुशीत, पुन्हा घट्ट. खालचा मऊ थर वाऱ्यापावसाने झिजतो आणि वरचा तसाच राहतो. हिंटरवायडेनटालला ‘टॉयफेल्सटिश’ म्हणून खडक आहे, सैतानाचं टेबल, १४ मीटर उंच. खाली बारीक खांब आणि वर अवाढव्य फळी. तो पाहिला की सगळं प्रकरण लक्षात येतं.

किल्लेकऱ्यांनी याचाच फायदा घेतला. मऊ थरात खोल्या खोदल्या, कठीण थर छप्पर म्हणून ठेवला. खोदताना निघालेला दगड वरच्या बांधकामाला वापरला. अडचण पाण्याची होती, कारण वालुकाश्मातून पाणी झिरपून जातं. टाक्यांना आतून अस्तर लावावं लागायचं, नाहीतर विहीर. बेर्वार्टश्टाइनची विहीर खडकातून शंभर मीटरहून खोल नेली आहे. खोदणाऱ्यांनी काय सोसलं असेल याची कल्पना तिच्या काठावर उभं राहिल्याशिवाय येत नाही.

याच झिरपण्याचा सायकलवाल्यांना फायदा आहे. रात्रभर पाऊस पडला तरी सकाळी उशिरापर्यंत वाट चालवण्याजोगी होते. ऱ्हाइनच्या पलीकडे चिखलात चाकं रुततात तेव्हाही इथे फिरता येतं. जंगल आणि किल्ले, दोन्ही एकाच वाळूची लेकरं आहेत.

---

चक्रधर

मी म्यूनिकजवळ असतो आणि आल्प्समध्ये चालवतो. वाटा कितपत तांत्रिक आहेत? फुल सस्पेन्शन आणावी का? टायर कोणते?

---

पाऊलवाट

@चक्रधर, वाटांच्या अवघडपणाच्या एस० ते एस५ या मोजपट्टीवर बहुतेक वाटा एस१, अधूनमधून एस२. मुळं खूप, दगडाच्या पायऱ्या काही ठिकाणी, आणि वळणं आवळ. हार्डटेलवर (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) सगळं होतं, मी तीच चालवते. टायर २.३ किंवा २.४ इंच रुंद घ्या आणि हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा. कोरड्या दिवसांत उतारावरच्या वळणांवर मोकळी वाळू असते, तिथे पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकतं. वेग वळणाच्या आधी कमी करा.

एक लक्षात ठेवा, ही वाळू साखळी आणि ब्रेक पॅड खाते. ओल्या दिवसानंतर साखळीवर लाल खरखरीत लेप बसतो. आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग तेल द्या. तसंच तेल घातलंत तर घासायची लेई तयार होते.

नुसती सायकल चालवायची असेल, किल्ल्यांचं फारसं नसेल, तर उत्तरेला ट्रिपश्टाट आणि लाम्ब्रेश्टच्या बाजूला माउंटनबाइकपार्क फेल्त्सरवाल्ड आहे. २००५ साली सुरू झाला. पार्क म्हणजे लिफ्ट आणि उड्या नव्हे, तर जंगलभर पसरलेले, खुणा केलेले शेकडो किलोमीटरचे फेरे. पहिल्यांदा येणाऱ्याला तिथे वाट चुकायची भीती नाही.

---

नेकारकाठ

धागा चांगला आहे, पण नियमांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी ऱ्हाइनच्या या बाजूला, बाडेन-वुर्टेम्बेर्गमध्ये राहतो. आमच्याकडे जंगलात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालवायला मनाई आहे, खास परवानगी दिलेल्या वाटा सोडून. पलीकडे ऱ्हाइनलांड-फाल्त्समध्ये मीटरचं माप नाही, पण तिथला वनकायदा सायकलला रस्ते आणि वनमार्ग देतो, आणि पायवाट ही वनमार्गात मोजत नाही. तेव्हा ‘तिकडे सगळं चालतं’ असं जे ऐकू येतं ते खरं नाही. खुणा केलेल्या सायकल मार्गांचं महत्त्व त्यामुळेच आहे.

---

चक्रधर

@नेकारकाठ, कागदावर बरोबर आहे. पण प्रत्यक्षात पायवाटांवर सगळेच जातात आणि कुणी अडवत नाही. वाटा सायकलने झिजतात म्हणावं तर चालणाऱ्यांनीही झिजतातच की. मला ही मनाई अन्यायाची वाटते.

---

नेकारकाठ

मनाई योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो, मलाही दोन मीटरचा नियम जुनाट वाटतो. पण आपण इथे बाहेरून आलेले लोक आहोत. रविवारी त्या वाटेवर सत्तरीच्या आजी काठ्या टेकत चालत असतात. आपण सुसाट आलो आणि त्या दचकून पडल्या, तर पुढच्या वर्षी तिथे मनाईची फळी लागणार आणि ती सगळ्यांनाच लागणार. जंगलांचे मालक, चालणाऱ्यांच्या संस्था आणि सायकलवाले एकत्र बसले तेव्हाच ते खुणा केलेले मार्ग आखले गेले. तो समझोता टिकवायचा असेल तर आपण तो पाळायला हवा.

---

पाऊलवाट

मी नेकारकाठ यांच्या बाजूने आहे. वर जो रस्ता दिला आहे तो रुंद वनमार्गांनी आणि गावं जोडणाऱ्या सायकलवाटांनी पूर्ण होतो, मुद्दाम तसाच आखला आहे. अरुंद वाट लागते तिथे उतरून ढकलावं. शिवाय गर्दीच्या रविवारी किल्ल्यांच्या जवळपास जाऊच नये. शनिवारी सकाळी किंवा आठवड्यात मधल्या दिवशी जा, रान तुमचंच असतं.

---

मधुरा के

किती छान लिहिलं आहेस गं. एक दुरुस्ती नाही, पण भर घालते: ट्रिफेल्सला गेलेल्यांना तो ‘अवशेष’ वाटत नाही, कारण आज दिसणारा मोठा भाग १९३८नंतर नाझी काळात उभारायला घेतलेला आहे. १६०२ मध्ये वीज पडून किल्ला जळाला होता आणि पुढे लोकांनी दगड नेले. नाझींना तिथे साम्राज्याचं स्मारक हवं होतं, म्हणून मूळ आराखड्याची फारशी पर्वा न करता भव्य दालन बांधलं. मी आत गेले तेव्हा हे माहीत नव्हतं तोवर भारावले होते, कळल्यावर वेगळ्याच नजरेने बघितलं. दोन्ही नजरा आवश्यक आहेत असं वाटतं.

मूळ महत्त्व मात्र अस्सल आहे. बाराव्या-तेराव्या शतकात पवित्र रोमन साम्राज्याचा मुकुट आणि इतर राजचिन्हं बराच काळ तिथे ठेवली जात. आणि १९९३ साली... क्षमस्व, ११९३ साली इंग्लंडचा राजा रिचर्ड ‘सिंहहृदय’ तिथे कैदेत होता. धर्मयुद्धावरून परतताना व्हिएन्नाजवळ पकडला गेला, ऑस्ट्रियाच्या ड्यूकने त्याला सम्राट सहाव्या हाइनरिशच्या हवाली केलं. खंडणीचा बोजा सगळ्या इंग्लंडवर पडला. फेब्रुवारी ११९४ मध्ये तो सुटला, आणि त्याच वसंतात हाइनरिश ट्रिफेल्सहूनच सिसिली जिंकायला निघाला, खर्चाला हेच पैसे. भाट ब्लोंडेल खिडकीखाली गाणं म्हणत राजाला शोधतो ती दंतकथाही ट्रिफेल्सला चिकटवली जाते.

---

गडभ्रमर

सुरतेची लूट आठवली. पैसा उभा करायचा तर राजे काय काय करतात!

या किल्ल्यांचा शेवट कशाने झाला? सगळे एकाच वेळी पडले का?

---

मधुरा के

@गडभ्रमर, नाही, टप्प्याटप्प्याने. ड्राखेनफेल्सचं वर आलंच आहे. लिंडेलब्रुन १५२५च्या शेतकऱ्यांच्या उठावात जाळला. मग तीस वर्षांचं युद्ध. नोटवायलरवरचा वेगेल्नबुर्ग, जो ५७२ मीटरवर आहे आणि फाल्त्समधला सर्वांत उंचावरचा किल्ला, तो १६८०च्या सुमारास फ्रेंच सैन्याने पाडला.

आणि मग फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचं फाल्त्सच्या वारसाचं युद्ध. १६८९ मध्ये त्याच्या सैन्याने हा मुलूख ठरवून उजाड केला. मार्चच्या सुरुवातीला हायडेलबर्ग पेटवलं, मेअखेरीस श्पायर. हे वाचताना मला पुढे वाचवेना, कारण त्याच मार्चमध्ये तुळापूर-वढूला संभाजी महाराजांची हत्या झाली आणि त्याच वर्षाच्या शेवटी रायगड मोगलांच्या हाती गेला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण १६८९ म्हटलं की आपल्या पोटात जे होतं, ते इथल्या जुन्या लोकांच्याही होतं, एवढं मला श्पायरच्या कॅथेड्रलमध्ये एका वृद्ध बाईंशी बोलताना समजलं.

---

गडभ्रमर

अंगावर काटा आला. आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी सुरुंग लावून कितीतरी गडांच्या पायऱ्या उडवल्या, तेही आठवलं. किल्ला पडतो त्याहून पाडला जातो, हे दोन्हीकडे खरं.

---

गोदातीर

नमस्कार. मी नाशिकचा, वय ६१. मुलगी मानहाइमला असते, जूनमध्ये तिच्याकडे येतोय. रोज सायकल चालवतो, पण डोंगरात नाही. मला हे जमेल का? आणि आम्ही शाकाहारी आहोत, खाण्याचं काय?

---

पाऊलवाट

@गोदातीर काका, नक्की जमेल. ई-बाइक भाड्याने घ्या. इथे २५ किलोमीटर वेगापर्यंतच मोटर मदत करते, त्यामुळे ती कायद्याने साधी सायकलच धरतात, परवाना लागत नाही. सगळा रस्ता एका दिवसात करायचा हट्ट धरू नका. डान, बुझेनबेर्ग आणि परत, एवढं करा. दोन ठिकाणचे किल्ले होतात आणि चढही बेताचे. ई-बाइक जड असते, उतारावर ती ओढते, त्यामुळे पहिल्या तासात सपाट जागी ब्रेकचा सराव करून घ्या.

डानला जाणारी छोटी रेल्वे फक्त उन्हाळी हंगामात आणि ठरावीक दिवशी धावते, वेळापत्रक बघूनच निघा. शनिवार-रविवारी या भागातल्या प्रादेशिक गाड्यांत सायकल फुकट नेता येते, पण मे-जूनमध्ये सायकलींची गर्दी फार, तेव्हा पहिली गाडी पकडा.

खाण्याचं उत्तम आहे. फेल्त्सरवाल्ड-फेराइन ही १९०२ सालची भटक्यांची संस्था, तिच्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या झोपड्या जंगलभर आहेत. ‘वायसर केझ’ मागा: ताज्या चक्क्यासारखं पांढरं चीज, कांदा आणि मसाला घातलेलं, सोबत उकडलेले बटाटे किंवा जाड पाव. शाकाहारी माणसाला एवढं पुरेसं आहे. साउमागेन नावाचा पदार्थ दिसेल, तो डुकराच्या पोटात भरून केलेला असतो, तो टाळा. सफरचंदाच्या रसात सोडा घालून अर्ध्या लिटरच्या खळग्यांच्या पेल्यात देतात, त्या पेल्याला ‘डुबेग्लास’ म्हणतात. बऱ्याच झोपड्या बुधवारी आणि शनिवार-रविवारीच उघड्या असतात आणि रोख पैसेच घेतात. ताट स्वतः उचलून खिडकीत नेऊन द्यायचं, आणि अनोळखी लोकांच्या बाकावर बसायला संकोच करायचा नाही, तिथली रीतच ती.

संध्याकाळी अंगावर गोचिड्या तपासा, गुडघ्यामागे आणि काखेत विशेष. लाइम आजार त्यांच्यामुळे होतो. लाल वर्तुळ दिसलं तर लगेच डॉक्टरकडे जा.

---

गोदातीर

मनापासून आभार. मुलीला धागा पाठवला. बेर्वार्टश्टाइनबद्दल आणखी ऐकायचं आहे, तो पडका नाही असं वाचलं.

---

पाऊलवाट

बरोबर वाचलंत. तो १५९१ मध्ये वीज पडून जळाला होता, पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुन्हा उभा केला आणि आजही वसता आहे. त्याच्या खडकात एक उभं भुयार आहे. सुरुवातीला वर जायचा तोच एक मार्ग होता, दोर किंवा शिडी वर ओढली की किल्ला बंद.

पंधराव्या शतकाच्या शेवटी तिथे हान्स फोन ट्रोटा नावाचा सरदार होता. त्याचं विसेंबूरच्या मठाशी वैर. त्याने विसलाउटर नदीला बांध घालून गावाचं पाणी तोडलं. तक्रार झाली म्हणून बांध फोडला, तर खालचं गाव पुरात सापडलं. प्रकरण पोपपर्यंत गेलं, त्याला धर्मबहिष्कृत केलं. १५०३ साली तो मेला, पण लोकांनी त्याला मरू दिलं नाही. सीमेपलीकडे आल्सासमध्ये नाताळात ‘हान्स ट्राप’ नावाचा बुवा मुलांना भीती घालायला येतो, तो हाच. पाणी तोडणाऱ्याला पाचशे वर्षं कुणी माफ केलेलं नाही.

---

बेसॉल्ट

ताई, ससाण्यांचं कुणी लिहिलं नाही. माझ्या एका मित्राला खडकाजवळ अडवलं होतं.

---

पाऊलवाट

हो, राहूनच गेलं. बहिरी ससाणा याच कड्यांवर घरटं करतो. एके काळी तो या भागातून जवळजवळ नाहीसा झाला होता. म्हणून फेब्रुवारीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत काही खडक बंद असतात, पायथ्याला पाटी असते. काही ठिकाणी त्या काळात माथ्यावरही जाता येत नाही. पाटी दिसली की वळा, दुसरा किल्ला पाच-सहा किलोमीटरवर असतोच. २०१६ ते २०२० या काळात स्लोव्हाकिया आणि स्वित्झर्लंडहून आणून इथे २० लिंक्सही सोडले आहेत. दिसायची शक्यता जवळजवळ नाही, पण अंधार पडल्यावर दिवे लावून जंगलात चालवू नये याचं ते एक कारण आहे. हरणांचं आणि रानडुकरांचं दुसरं.

ऑक्टोबर ते डिसेंबरात हाकारे घालून शिकार चालते, तेव्हा रस्त्यावर फळी लावून वाट बंद करतात. तीही पाळा.

---

चक्रधर

ठरलं, सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी येतो. वेगेल्नबुर्गवरून पलीकडे फ्रान्समधल्या फ्लेकेनश्टाइनला उतरता येईल का?

---

पाऊलवाट

येतं. नोटवायलरहून चढा. वेगेल्नबुर्गनंतर सीमा ओलांडली की होहेनबुर्ग, लोव्हेनश्टाइन आणि फ्लेकेनश्टाइन लागतात, चार किल्ले अगदी जवळजवळ. पण त्या कड्यावरची वाट चालणाऱ्यांची आहे, तिथे सायकल नोटवायलरलाच ठेवून पायी फेरी करा. ओळखपत्र जवळ ठेवा. मी त्या शनिवारी मोकळी आहे. सकाळी विंडेनहून गाडी बदलावी लागेल, वेळ खासगी निरोपाने कळवते. @नेकारकाठ, तुम्हीही या.